माशाचा धीटपणा मोजतात कसा? आणि मोजतात ते नक्की काय असतं?

तळठाव

गप्पी, झेब्रा डॅनिओ, स्टिकलबॅक असल्या बोटभर माशांच्या 'स्वभावा'वर गेल्या तीसेक वर्षांत ढिगाने संशोधन झालंय. आपल्यापर्यंत त्याची बातमी येते ती अशी : 'मासेही असतात धीट आणि लाजाळू!' बातमी तिथेच संपते. मला रस आहे तो पुढच्या प्रश्नात. बोलता न येणाऱ्या, चेहऱ्यावर काहीही न दिसणाऱ्या प्राण्याला धीट ठरवायचं कशाच्या जोरावर? प्रबंधाच्या दिवसांपासून याच भानगडीत अडकलोय, म्हणून मंचावर हा धागा.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी ऐकायला अगदी सोपी. एक लांबट टाकी, तिच्या एका टोकाला अपारदर्शक प्लास्टिकची छोटी खोली. मासा त्या खोलीत सोडायचा, काही मिनिटं स्थिरावू द्यायचा. मग पडद्याआडून दोरा ओढून दार वर घ्यायचं आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. मासा बाहेर आला की घड्याळ बंद. लवकर आला तो धीट, उशिरा आला तो बुजरा. ठरलेल्या वेळेत, समजा दहा मिनिटांत, आलाच नाही तर चाचणी संपली.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. दार उघडलं की आधी दिसतं ते फक्त तोंडाचं टोक. कल्ले भराभर हलतायत, छातीचे पर मागेपुढे वल्हवत मासा दाराच्या रेषेवर तरंगतोय. अर्धा बाहेर येतो, मागे सरकतो, आत एक गिरकी घेऊन पुन्हा दाराशी. घड्याळ कधी थांबवायचं? तोंड बाहेर आल्यावर, डोळा बाहेर आल्यावर, की शेपटीसकट सगळा मासा बाहेर पडल्यावर? प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं ठरवते, आणि एकाच माशाच्या बाबतीत या वेळांत मिनिटांचा फरक पडू शकतो.

दुसरी चाचणी मोकळ्या मैदानाची. ही मूळची उंदरांची, कॅल्विन हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये वापरलेली. माशाला अनोळखी, उघड्या, उथळ टाकीत सोडायचं आणि तो कुठे कुठे फिरतो ते वरून टिपायचं. पूर्वी तळाला चौकटी आखून मोजत, आता कॅमेरा आणि सॉफ्टवेअर. तिसरी, टाकीत अनोळखी वस्तू (गोटी, रंगीत ठोकळा) ठेवून मासा किती जवळ जातो ते बघणं. चौथी, काचेपलीकडे शिकारी मासा दाखवणं. झेब्रा डॅनिओसाठी आणखी एक आहे. नव्या टाकीत सोडलं की तो थेट तळ गाठतो, आणि वरच्या अर्ध्या भागात यायला किती वेळ घेतो ते मोजतात. निकोटिन दिलं की तो लवकर वर येतो, त्यामुळे औषधवाल्यांची ही लाडकी चाचणी.

अडचण अशी, की या सगळ्यांवर पाटी एकच लावली जाते : धीटपणा. २००७ मध्ये देनी रेआल आणि सहकाऱ्यांनी एक शिस्त लावायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं, धोका समोर असताना प्राणी काय करतो तो धीटपणा, आणि नवखी जागा किंवा वस्तू समोर आल्यावर काय करतो ती शोधकवृत्ती. दोन्ही वेगळे धरा. पण अनोळखी टाकी ही माशाच्या दृष्टीने नवी जागा, की धोका? दोन्हीही. मग आपण मोजलं काय?

जेम्स बर्न्स यांनी २००८ मध्ये गप्पी माशांवर यातल्या तीन चाचण्यांचीच परीक्षा घेतली : खोलीतून बाहेर येणं, मोकळं मैदान, नवी वस्तू. मोकळ्या मैदानाची चाचणी टिकली. उरलेल्या दोन त्यांनी ज्या पद्धतीने घेतल्या, त्या पद्धतीने गप्पींसाठी भरवशाच्या नाहीत असं त्यांनी सरळ लिहून टाकलं. तरी स्टॉपवॉचवाली खोली आजही सगळीकडे चालू आहे, कारण ती स्वस्त आहे आणि एका दुपारीत बरेच मासे उरकतात. माझं मत विचाराल तर, नुसत्या त्या एका आकड्यावर माशाला धीट म्हणणारा निबंध मी बाजूला ठेवतो.

शेवंड

तव्यावर गेल्यावर सगळे सारखेच लाजाळू हो! :)

मस्करी सोडा. आमच्याकडे खाडीत गळ टाकणारे म्हातारे सांगतात, की गळाला लागतो तो हावरट आणि पागात (वरून फेकायच्या जाळ्यात) येतो तो बिचारा दुर्दैवी. पाग पडला की खाली जो असेल तो आला. गळाला मात्र माशाने स्वतः येऊन तोंड घालावं लागतं. मग गळाचे मासे धीट, असं म्हणायचं का?

तळठाव

शेवंडकाका, तुमच्या म्हाताऱ्यांनी नेमकी दुखरी नस धरलीय.

या विषयातला सुरुवातीचा गाजलेला अभ्यास असाच झाला. डेव्हिड स्लोन विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पम्पकिनसीड सनफिश या अमेरिकी तळ्यातल्या माशांवर केला. तळ्यात पिंजरे टाकले. जे आपणहून आत शिरले ते धीट. मग जाळं ओढून उरलेले धरले. पिंजऱ्यात आलेले मासे प्रयोगशाळेत लवकर रुळले, दोन्ही गटांच्या पोटात सापडलेलं खाणं वेगळं, अंगावरचे परजीवीसुद्धा वेगळे. म्हणजे फरक एका दुपारचा नव्हता, तळ्यात ते खरंच वेगवेगळं जगत होते. आणि तरीही, एकेकटे ठेवल्यावर काही काळाने तो फरक पुसला गेला.

गळाचं मात्र उलटंच निघालं. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ब्लूगिल सनफिश गळाने आणि ओढजाळ्याने धरून दोन्हींची चाचणी घेतली. गळाला लागलेले जास्त बुजरे! कारण तसं सरळ आहे. गळ टाकतात तो आडोशाजवळ, पाणवनस्पतींच्या कडेला, आणि तिथे दबा धरून बसलेले असतात बुजरे. धीट मंडळी उघड्या पाण्यात असतात, तिथे ओढजाळं फिरतं.

याच्या शेजारी पीटर बिरो आणि जॉन पोस्ट यांचा २००८ चा प्रयोग ठेवा. कॅनडातल्या तळ्यांत रेनबो ट्राउटचे दोन वाण सोडले, एक भराभर वाढणारा आणि धाडसी, दुसरा सावकाश वाढणारा आणि जपून वागणारा. मग गिलनेट लावली. भराभर वाढणारे जवळजवळ तिप्पट प्रमाणात अडकले. ही जाळी जागेवर उभी असते, जो जास्त हिंडतो तोच तिच्यात येऊन अडकतो.

तेव्हा मासा धरायची पद्धत हीच पहिली स्वभावचाचणी असते, आणि ती प्रयोग सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेली असते.

पाणवठा

या धाग्यावर माझ्या रोजच्या कामातलं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. मी आरोग्य खात्यात आहे, डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडायचं काम आमच्याकडे असतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात गप्पी पैदास केंद्र आहे. केंद्र म्हणजे सिमेंटची टाकी, वर जाळी आणि एक रंगवलेला बोर्ड. पावसाळ्याच्या तोंडाला तिथून मासे काढून गावातल्या विहिरी, डबकी, जनावरांच्या पाण्याचे हौद इथे सोडतो.

मासे काढायला हातजाळी. जाळी पाण्यात धरली की काही मासे पळायचं सोडून उलट जाळीच्या काठाशी येऊन बघतात. ते पहिल्या फेरीतच बादलीत. काही तळाच्या कोपऱ्यात शेवाळात घुसतात ते घुसतातच. ते शेवटपर्यंत टाकीत राहतात आणि पुढच्या हंगामाची पिल्लं त्यांचीच. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं धीट गप्पी गावाला वाटतोय आणि भित्र्यांची पैदास करतोय की काय? :D

आणि गंभीर प्रश्न : विहिरीत सोडल्यावर धीट मासा अळ्या जास्त खातो का?

तळठाव

पाणवठा, प्रतिसाद एक नंबर. असं नमुना निवडताना होणाऱ्या पक्षपातावर बिरो आणि नील्स डिंगेमान्से यांनी २००९ मध्ये लेखच लिहिलाय. जाळीत सहज येणारे मासेच अभ्यासले जातात, आणि निष्कर्ष मात्र सगळ्या जातीवर लावले जातात. तुमच्या टाकीत पिढ्यान्‌पिढ्या तसं घडतंय का ते न मोजता सांगता येणार नाही. फेरीफेरीचे मासे वेगवेगळ्या बादल्यांत ठेवून चाचणी घेतली तर कळेल. कुणा एमएस्सीच्या विद्यार्थ्याला आयता विषय आहे.

अळ्यांबद्दल : धीट मासा नव्या जागी लवकर खायला लागतो एवढं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण लवकर सुरू करणारा एकूणही जास्त खातो, असं त्यावरून ठरत नाही.

गप्पींच्या चुलत्याची, गॅम्बुशियाची एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची. २०१० मध्ये ज्युलिअँ कोत आणि अँडी सी यांच्या गटाने कृत्रिम ओहोळात हे मासे सोडून कोण किती दूर जातो ते पाहिलं. सगळ्यांना वाटत होतं, धाडसी मासे लांब जातील. लांब गेले ते माणूसघाणे! म्हणजे मासेघाणे. कळपात राहायला ज्यांना फारसं आवडत नाही ते. हौदातून ओढ्यात निसटून पसरतील ते बहुधा असलेच.

उगाचच

हे सगळं वाचून एकच शंका : आपण माशावर माणसाचा स्वभाव लादतोय. धीट, लाजाळू, माणूसघाणा! उद्या म्हणाल मासा खवचट आहे. दार उघडलं, मासा बाहेर आला. का आला? भूक लागली असेल. खोलीतलं पाणी खराब झालं असेल. घाबरून बाहेर पळाला असेल. यातलं काहीही असू शकतं, आणि तुम्ही म्हणता धीट.

काचपेटी

उगाचच यांच्याशी पहिल्यांदाच सहमत होतेय, तारीख लिहून ठेवा.

माझ्याकडे घरी डॅनिओ आहेत. नवीन मासा आणून टाकीत सोडला की सुरुवातीला तो वेड्यासारखा फिरतो. टाकीचा एकही कोपरा सोडत नाही, काचेला तोंड घासत वर-खाली, वर-खाली. नवख्या माणसाला वाटतं किती चौकस मासा! तो चौकस नसतो, भेदरलेला असतो, बाहेर पडायची वाट शोधत असतो. दोन दिवसांनी तोच मासा निवांत झाला की कमी फिरतो. आता तुमचं सॉफ्टवेअर 'एकूण अंतर' मोजणार आणि भेदरलेल्या माशाला शोधकवृत्तीचं पारितोषिक देणार.

तळठाव

काचपेटी, अगदी हाच मुद्दा. म्हणूनच नुसतं अंतर मोजणं आता कुणी शहाणा माणूस करत नाही. भिंत धरून पोहण्यात किती वेळ गेला, मधल्या उघड्या भागात किती, थिजून किती वेळ राहिला, अचानक झटके किती दिले, आणि नव्या चौकटीत शिरायचा वेग पुढे पुढे कमी होत गेला का, हे सगळं वेगवेगळं नोंदवतात. जो खरंच जागा धुंडाळतोय तो एकदा बघून झालेल्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जात नाही. भेदरलेला एकाच काचेवर शंभर चकरा मारतो. दोघांचं अंतर सारखं भरेल, वाटेचा नकाशा काढला की फरक उघडा पडतो.

उगाचच, भुकेची शंका रास्त आहे, त्यात आकाराचीही भर घाला. पनामातल्या ओढ्यांमध्ये ब्राकिराफिस नावाचा एक छोटा मासा असतो. कलम ब्राउन आणि व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांनी २००४ मध्ये आठ ठिकाणच्या या माशांना खोलीची चाचणी दिली. मोठ्या माशांना बाहेर यायला लहानांपेक्षा जास्त वेळ लागला. लहान शरीराला वजनाच्या मानाने इंधन जास्त लागतं, उपाशी राहणं परवडत नाही, म्हणून तो लवकर बाहेर येत असावा, असं त्यांचं एक स्पष्टीकरण. म्हणजे घड्याळाने स्वभाव मोजला की चयापचय?

पण म्हणून 'काहीच मोजलं जात नाही' हे मला मान्य नाही. 'धीट' या शब्दाने माशाच्या मनात काय चाललंय याबद्दल दावा होत नसतो. दावा एवढाच : हा मासा, तशाच प्रसंगात, इतरांच्या मानाने पुन्हा पुन्हा तसाच वागतो, आणि त्यावरून दुसऱ्या प्रसंगात तो काय करेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकला तर शब्द मागे घ्यायचा.

आकडेमोड

अखेर कुणीतरी 'पुन्हा पुन्हा' म्हणालं. मी मासे पाळत नाही, खातो. पण आकड्यांवर पोट आहे म्हणून लिहितो.

एका माशाची एकच चाचणी घेऊन त्याचा स्वभाव सांगणं म्हणजे एका सामन्यावरून फलंदाजाची सरासरी सांगणं. प्रत्येक माशाची अनेकदा चाचणी घ्या, मग विचारा की एकूण फरकातला किती हिस्सा माशा-माशांतल्या फरकामुळे आणि किती त्याच माशाच्या आजच्या-उद्याच्या लहरीमुळे. पहिल्या हिश्श्याला पुनरावृत्तीक्षमता म्हणतात. अ‍ॅलिसन बेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नाना प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून तिची सरासरी काढली, ती आली ०.३७. म्हणजे वागण्यातल्या फरकाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग 'हा प्राणीच असा आहे' म्हणून, बाकीचा परिस्थिती, लहर, मोजणीतला ढिसाळपणा. ज्याला अर्धा ग्लास भरलेला दिसतो त्याने खूश व्हावं.

दुसरं, जे मासे बाहेर येतच नाहीत त्यांचं काय करता? दहा मिनिटांची मर्यादा असेल तर बरेच लोक त्यांच्यापुढे ६०० सेकंद लिहून सरासरी काढतात. हे साफ चूक. तो ६०१ व्या सेकंदाला आला असता की दुसऱ्या दिवशी, तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला एवढंच माहीत आहे की ६०० पर्यंत आला नाही. वैद्यकीय संशोधनात रुग्णांच्या आयुर्मानाचं जे गणित करतात, तेच इथे लागतं.

तळठाव

आकडेमोड, +१. अजून एक : चाचणी वारंवार घेतली की टाकी 'अनोळखी' राहत नाही. तिसऱ्या वेळी लवकर बाहेर येणारा मासा धीट झालाय की सरावलाय? म्हणून क्रम बदलायचा, मध्ये दिवस जाऊ द्यायचे, जागेची मांडणी बदलायची.

आणि पाणी. डॅनिओ, रोहू, कटला या मोठ्या गटातल्या माशांच्या कातडीत एक द्रव्य असतं. कातडी फाटली की ते पाण्यात उतरतं आणि जवळपासचे जातभाई घाबरून लपतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी मिनो माशांत हे शोधलं, १९३८ च्या सुमारास. म्हणजे सकाळी एका माशाला जाळीने खरचटलं आणि तेच पाणी दिवसभर वापरलं, तर दुपारचे सगळे मासे 'बुजरे' निघणार.

उगाचच

बरं. अंदाज बांधता येतो म्हणालात. सर्वात मोठा अंदाज म्हणजे जगतो की मरतो. धीट मासा लवकर मरतो का? की 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'?

तळठाव

दोन्ही उत्तरं छापून आलेली आहेत, म्हणूनच हा विषय मला आवडतो.

गप्पींना शिकारी दिसला की ते सगळेच पळत नाहीत. काही जण त्याच्या दिशेने थोडं पुढे जातात, थांबतात, निरखतात, मागे फिरतात. ली दुगात्किन यांनी १९९२ मध्ये असे पुढे जाणारे, मधले आणि मागे राहणारे असे गप्पींचे तीन गट केले आणि स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाबरोबर टाकीत ठेवले. ६० तासांनी मागे राहणाऱ्यांतले ४० टक्के उरले होते, मधल्यांतले १५ टक्के. पुढे जाणाऱ्यांतला एकही नाही.

मग असले मासे आजवर शिल्लक कसे? याचं एक उत्तर दुगात्किन आणि जाँ-ग्वी गोदँ यांनी १९९६ मध्ये दिलं : माद्यांना शिकाऱ्याजवळ जाणारे नर जास्त पसंत पडतात. (अवांतर : कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हा निष्कर्ष सांगू नये.)

आणि २०१० मध्ये ब्रायन स्मिथ आणि डॅनियल ब्लमस्टीन यांनी त्रिनिदादच्या गप्पींची चाचणी घेऊन त्यांना शिकारी माशाच्या तोंडी दिलं, तर तिथे धीट गप्पी जास्त काळ टिकले. माझ्या मते फरक शिकाऱ्यात असावा. स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा, त्रिनिदादच्या ओढ्यात तो नसतो. ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे त्याच्या किती जवळ जायचं हे गप्पीला ठाऊक असणार. अनोळखी शिकाऱ्यापुढे तीच सवय अंगाशी येते. हा माझा तर्क, सिद्ध झालेलं नाही.

उप्सालाकर

इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण आता राहवत नाही. मी ज्या गावात राहतो तिथून फिरिस नावाची नदी वाहते, स्वीडनमधल्या उप्सालाच्या मधोमध. उन्हाळ्यात तिच्या काठाने फिरायला जातो, पर्च मासे दिसतात. त्याच नदीच्या पाण्यात ऑक्सझेपाम हे चिंता कमी करणारं औषध सापडलं होतं. माणसं गोळ्या घेतात, त्यातलं थोडं लघवीतून बाहेर पडतं, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून निसटून नदीत येतं.

तोमास ब्रूदिन यांच्या गटाने २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये यावर निबंध छापला. पर्च माशांना हे औषध पाण्यातून थोड्या आणि बऱ्याच जास्त अशा दोन मात्रांत दिलं. थोड्या मात्रेतही मासे जास्त हिंडायला लागले, कळपापासून दूर राहायला लागले, झूप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) लवकर फस्त करायला लागले. आडोशातून बाहेर पडण्याचा धीटपणा मात्र मोठ्या मात्रेतच ठळक वाढला. हा तपशील बातम्यांत गाळला गेला. 'नदीतले मासे औषधाने बेडर झाले' असंच सगळीकडे छापून आलं.

म्हणून तळठाव यांचा सुरुवातीचा आग्रह पटला. हिंडणं, कळप आणि धीटपणा वेगवेगळे मोजले नसते तर हे कळलंच नसतं.

काचपेटी

बापरे. इथे मुळा-मुठेत काय काय असेल याचा विचारच नको.

तापमानाचं काय? माझे मासे हिवाळ्यात सकाळी मरगळलेले असतात, दुपारी ऊन आलं की चपळ.

तळठाव

तापमान फार मोठी भानगड आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर बिरो यांनीच डॅमसेलफिशवर हे पाहिलं (२०१० चा निबंध). दिवसभरात तीन अंशांहूनही कमी फरक पडला तरी काही माशांचं हिंडणं, धीटपणा, आक्रमकता कित्येक पटींनी वाढली. काहींवर मात्र फारसा परिणाम नाही. म्हणजे सकाळी ज्या क्रमाने मासे धीट ते बुजरे लावले, दुपारी तो क्रमच बदलू शकतो. तापमानाची नोंद नसलेला धीटपणाचा तक्ता रद्दीत टाकावा.

उगाचच

शेवटची शंका, मग झोपतो. हा स्वभाव येतो कुठून? जन्मजात की संगतीने?

तळठाव

पनामाच्या त्याच माशांवर उत्तराचा अर्धा भाग आहे. जिथे शिकारी जास्त तिथले मासे जास्त धीट. त्यांची प्रयोगशाळेत जन्मलेली पिल्लंसुद्धा तशीच, म्हणजे काहीतरी वारशाने येतं. पण पिल्लांचा रोज जाळीने पाठलाग केला तर तीही आणखी धीट झाली, म्हणजे अनुभवही बोलतो. ट्राउटमध्ये तर नुसतं मारामारीत हरल्या-जिंकल्यानेही धीटपणा बदलतो.

खरा धक्का मात्र अमेझॉन मॉलीने दिला. नाव अमेझॉन, राहते टेक्सास-मेक्सिकोच्या बाजूला. ही जात फक्त माद्यांची, पिल्लं आईची हुबेहूब नक्कल. डेव्हिड बिअरबाख आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशी जुळी पिल्लं जन्मल्याबरोबर वेगळी करून अगदी सारख्या टाक्यांत वाढवली. जनुकं तीच, टाकी तशीच, खाणं तेच. तरी मोठी झाल्यावर प्रत्येकीची चाल वेगळी, आणि ती टिकून राहणारी. २०२२ मध्ये याच गटाने जन्मल्या दिवसापासून कॅमेरा लावला, तर पहिल्या दिवशीच फरक दिसला. तुमच्या 'जन्मजात की संगतीने'मध्ये हे कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

उगाचच

झोप उडवलीत.

मधुमालती

उशिरा आले, पण मला कामाचं हवंय. लेक आठवीत आहे, विज्ञान प्रदर्शनासाठी तिला हाच विषय घ्यायचाय. घरी गप्पी आहेत. घरच्या घरी काय करता येईल? माशांना त्रास न देता.

तळठाव

मधुमालतीताई, नक्की करा. शिकारी मासा, औषध, पाठलाग यातलं काहीही नको. मोकळ्या टाकीची चाचणी पुरे. पांढऱ्या तळाचा उथळ ट्रे, घरच्याच टाकीतलं पाणी, तापमान तेच. मोबाइल वर बांधून ठेवा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जा. गप्पींना माणूस दिसला की खाऊ आठवतो, मग ते शोधकवृत्ती दाखवत नाहीत, तुमच्याकडे बघत बसतात. फक्त नर घ्या. प्रत्येक नराचे ठिपके वेगळे असतात, फोटो काढून नावं ठेवता येतात, अंगावर खूण करायची गरज नाही. खाणं दिल्यानंतर ठरावीक वेळानेच चाचणी. एकटा ठेवणं हाच गप्पीला ताण असतो, त्यामुळे काही मिनिटांत काम उरकून परत कळपात सोडा, आणि त्याच माशाला पुन्हा एक-दोन दिवसांनी घ्या. पट्टीशेजारी फोटो काढून लांबीही नोंदवा.

पाणवठा

मासे कमी पडले तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, पैदास केंद्र असेल तर आनंदाने देतील. पहिल्या फेरीतले आणि कोपऱ्यातले वेगळे मागून घ्या! आणि प्रदर्शन झाल्यावर नदी-तळ्यात सोडू नका, आम्हाला परत द्या.

मधुमालती

वा, हे तर फारच छान. तिला खोलीतून बाहेर येण्याची चाचणीपण करायचीय, 'दार उघडणं' तिला भारी वाटतंय. जो मासा बाहेर येणारच नाही त्याच्यापुढे तक्त्यात काय लिहू देत?

आकडेमोड

'१० मिनिटांत आला नाही' असं अक्षरात. शून्य नाही, ६०० नाही, आणि तो मासा गाळायचाही नाही. सरासरीऐवजी दर मिनिटाला किती मासे बाहेर आलेले होते त्याचा आलेख काढायला सांगा, न आलेले आपोआप त्यात दिसतील. परीक्षकांनी विचारलं तर तिला उत्तरही देता येईल.

तळठाव

आणि दाराला दोरा नायलॉनचा घ्या. सुती दोरा भिजून चिकटतो, दार हिसक्याने उघडतं आणि मग सगळेच मासे आत दडी मारून बसतात.